रक्तदाब चढला की हृदय काय करते?



मध्यंतरी एका घरगुती कार्यासाठी आम्ही वसईकडे जूचंद्रला गेलो होतो. गाव रांगोळीसाठी नावाजलेले. पण आमचे लक्ष गेले ते त्या बाजूच्या मिठागरांकडे. मीठ पिकवायचे म्हणजे खाडीचे पाणी अडवायचे, आपले उलटे! रानात क्षार वर आले की आपण धास्तावतो, चर काढून पाण्याचा निचरा करतो. शरीरालाही असा निचरा लागतो, आणि त्याचा एक हुकूम चक्क हृदयाकडून सुटतो.

हे कळले 1981 साली. तोवर हृदय म्हणजे नुसता पंप, अशीच समजूत. कॅनडात अडॉल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. त्यांची लघवी वाढली, तिच्यातून मीठ भराभर बाहेर पडले आणि रक्तदाब उतरला. अर्कातल्या या संप्रेरकाला एएनपी म्हणतात. त्याचा भाऊबंद बीएनपी 1988 साली जपानात सापडला, तो डुकराच्या मेंदूत. पण तोही मुख्यतः हृदयातच तयार होतो, हे पुढे दिसले.

आता खरी गंमत. हे संप्रेरक बनवण्याची कृती पेशीतल्या जनुकात असते. पिल्लू गर्भात असताना एएनपीचे जनुक हृदयाच्या खालच्या कप्प्यांतही जोरात चालू असते. जन्मानंतर तिथे ते जवळजवळ झोपी जाते. जपानमध्ये ओकामोटो आणि आओकी यांनी 1963 साली, वयाबरोबर आपोआप रक्तदाब चढणाऱ्या उंदरांचे वाण तयार केले. अशा उंदरांचा डावा खालचा कप्पा दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून जाड होतो, आणि तिथले झोपलेले जनुक पुन्हा जागे होते. निचऱ्याचा निरोप वाढतो. पण दाब त्याहून भारी पडतो.

निरोपच नसेल तर? 1995 साली हे जनुक काढून टाकलेले उंदीर अभ्यासले गेले. दोन्ही प्रती गेलेल्यांचा रक्तदाब साध्या खाण्यावरही चढलेला. एकच प्रत उरलेले साध्या खाण्यावर ठीक होते, खारट चारा मिळताच त्यांचाही दाब चढला.

आपल्याकडे पुष्कळ मंडळी म्हणतात, "मला काय बी त्रास नाही, गोळी कशाला?" अहो, तो उंदीरही खात होता, पळत होता; आत हृदय जाड होत होते! दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, सुकट, खर्डा सगळे धरून.

हृदय थकल्याची शंका आली तर डॉक्टर रक्तातले बीएनपी मोजतात. ती तपासणी सगळ्यांना लागत नाही. रक्तदाबासाठी दंडाची पट्टी पुरते, आणि चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.