प्रवाह आणि साठा

अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात प्रवाह आणि साठा यांतील भेद शिकवावा लागतो. सातारा-सांगलीकडील विद्यार्थ्याला कोयनेचे उदाहरण पुरते: पावसाळ्यातील प्रवाह सुमारे १०५ टीएमसीच्या जलाशयात अडविला, म्हणूनच उन्हाळ्यातही वीज व पाणी मिळते.

आंतरजालावरील चित्रफितींनाही हाच न्याय लागू पडतो. पाटणच्या डोंगरवस्तीत किंवा जतच्या पूर्व भागात ऐन वेळी संपर्क मिळेलच, असे नाही. तेव्हा व्याख्यान शहरात उतरवून घ्यावे आणि घरी निवांत पाहावे, हे शहाणपणाचे. यूट्यूबने भारतात २०१४ मध्ये तशी सोय दिली. परंतु तो साठा खरा नव्हे. चित्रफीत त्या ॲपमध्येच कुलूपबंद राहते आणि मुदत सरली की दिसेनाशी होते. धरण आपल्या गावात, दरवाजांची किल्ली मात्र परक्या हाती!

याउलट, आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या 'एनपीटेल'ची व्याख्याने उतरवून घेण्यास मुभा आहे. मग महाविद्यालयीन ग्रंथालयांनी त्यांचा संग्रह करून तो विद्यार्थ्यांना पेन ड्राइव्हवर का देऊ नये? ती बहुतांशी इंग्रजीत आहेत, हा आक्षेप खरा आहे; पण मराठी व्याख्यानांची भर घालणे हे आम्हां प्राध्यापकांचेच काम नव्हे काय?

१९१९ मध्ये याच सातारा जिल्ह्यात, काले येथे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापून विद्या खेड्याच्या दारी नेली. त्या वारशाला एका हार्ड डिस्कचा खर्च जड वाटू नये.