मुंबईचा पूर्व किनारा : गोदीकडून शहराकडे

कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा मुंबईचा पूर्व किनारा मुंबई पोर्ट ट्रस्टच्या (स्थापना १८७३; आताचे मुंबई बंदर प्राधिकरण) ताब्यात आहे. १८७५ मध्ये ससून गोदी, नंतर प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी. कापूस, कोळसा, धान्य याच वाटेने ये-जा करी. याच किनाऱ्यावरील दारुखान्यात जुनी जहाजे तोडली जात. १९८९ मध्ये न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, कंटेनरवाहतूक खाडीपलीकडे गेली आणि वखारी ओस पडू लागल्या. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया गोद्या तर बुजवण्यात आल्या.

या जमिनीच्या पुनर्विकासासाठी २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली. २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्ट विशेष नियोजन प्राधिकरण झाले आणि सुमारे ९६६ हेक्टरांचा प्रारूप आराखडा आला. कार्यालये, घरे, पर्यटन, उद्याने आणि खुला किनारा असा संमिश्र वापर त्यात अपेक्षित होता. खरी कोंडी जमिनीपेक्षा तिच्यावरील हक्कांत आहे : जुने भाडेपट्टे, गोदामे, बंदराची चालू कामे, झोपड्या. शिवडीच्या दलदलीत फ्लेमिंगो उतरतात, तेथे बांधकामाला मर्यादा असणे रास्तच.

प्रत्यक्षात आराखड्याआधी वाहतूकच पुढे गेली. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून खाडीपलीकडील मांडव्यास रो-रो (वाहने नेणारी बोट) सेवा सुरू झाली, तर जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू.