खुर्दच्या रुमालातलं बुद्रुक

साडेअकरा वाजलेत. तहसील कचेरीच्या मागच्या अंगाला, जाड भिंतींच्या एका खोलीच्या दारात मी चपला काढू की नको या विचारात उभा आहे. दारावर ‘अभिलेख कक्ष’ अशी पाटी आहे, पण कचेरीत सगळे या खोलीला ‘रेकॉर्ड’ म्हणतात. “रेकॉर्डला जावा.” “रेकॉर्डच्या मॅडमना विचारा.” “रेकॉर्ड आज रजेवर आहे.”

पिशवीत कोर्ट फीचं तिकीट लावलेला नकलेचा अर्ज आहे आणि दोन सातबारे. एक जुन्या तलाठ्याच्या हातचा. दुसरा डिजिटल सहीचा, काल रात्री घरी बसून १५ रुपयांत काढलेला. पहिल्यावर आमच्या गटाचं क्षेत्र १ हेक्टर २६ आर, दुसऱ्यावर १ हेक्टर २३.

तीन आर कुठे गेले हे कळायला फार अक्कल लागत नाही. आपला ३ आणि आपला ६ एकमेकांची आरशातली रूपं आहेत. त्यात जुन्या उताऱ्यावर नेमकी तिथेच शाई पसरलेली. उतारे संगणकात भरताना कुणाला तरी तो ३ वाटला. अडचण अशी की आता कचेरीतल्या सगळ्यांनाच तो ३ वाटतो. तलाठ्यांचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात ते अजून भाऊसाहेबच. ते म्हणाले, “कलम १५५ खाली दुरुस्तीचा आदेश होईल, पण तहसीलदारांपुढं पुरावा लागतो. वाटणीचा मूळ फेरफार काढून आणा.” ती वाटणी १९६१ची. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ.

आत डांबरगोळ्यांचा वास आहे आणि त्याच्याखाली जुन्या कागदाचा. छतापर्यंत लोखंडी रॅक, त्यांवर कापडात बांधलेले रुमाल. कापड कधीकाळी लाल असावं, आता विटकरी झालंय. प्रत्येक रुमालाच्या गाठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी लोंबतेय: गाव, नमुना, साल. खिडकीपाशी दोन टेबलं. एकावर वरून कॅमेरा असलेला स्कॅनर आणि त्याच्यापुढे विशीतला ऑपरेटर, दुसऱ्यावर मॅडम. आणि रॅकच्या दोन ओळींमध्ये, पाठ वळवून, ज्यांना सगळे मामा म्हणतात ते शिपाई.

माझ्या आधी चार जण आहेत. चौघांनाही नमुना १४ हवाय, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून ही रांग आहे. इतर मागासवर्गाच्या पुराव्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद लागतो. तो घरात कुणाकडे नसतो, तो इथेच असतो, आणि बऱ्याचदा मोडीत असतो.

मोडी वाचणारे गृहस्थ कोपऱ्यात स्टुलावर बसलेत, हातात भिंग. एक तरुण त्यांच्यापुढे स्कॅनची छापील प्रत धरतो. पान स्वच्छ आलंय, ओळी दिसतायत, पण जातीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसत्या दोन-दोन रेघा. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

“दादा, हे ‘वरील’ कुठाय?” गृहस्थ विचारतात.

“वरती म्हणजे... पान इथूनच सुरू होतंय.”

“मग मागचं पान आणा. त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं असंल. नाहीतर त्याच्याही मागचं.”

तरुण ऑपरेटरकडे बघतो, ऑपरेटर स्क्रीनकडे. प्रत्येक पान ही वेगळी फाईल आहे. वहीत जे उलटं पान टाकलं की हाताला लागतं, ते इथे नंबर टाकून शोधावं लागतं, आणि मागच्या पानाचा नंबर एकने कमीच असेल याची खात्री ऑपरेटरलाही नाही.

माझी पाळी येते. मॅडम अर्ज वाचतात. “काका, हा गट नंबर चालणार नाही. एकसष्टला गट कुठले? सर्व्हे नंबर लागेल.” हे मला माहीत आहे. एकत्रीकरणाच्या वेळी जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले. भूमी अभिलेखच्या कचेरीतून त्याचा उतारा काढायला माझे तीन सोमवार गेलेत. मी तो पुढे करतो. मॅडमच्या चेहऱ्यावर किंचित आदर उमटतो. तयारीनं आलेला माणूस इथे रोज येत नसावा.

ऑपरेटर खिडकी उघडतो. स्क्रीनवरची. जिल्हा, तालुका, मग गावांची यादी. आमचं गाव बुद्रुक, नदीपलीकडे खुर्द. तो बुद्रुक निवडतो, ‘फेरफार’ निवडतो, साल टाकतो. १९५८ येतं, १९५९ येतं, मग एकदम १९६४.

“मधलं नाही,” तो म्हणतो.

“नाही म्हणजे स्कॅन नाही, का वहीच नाही?”

“इथं दिसत नाही म्हणजे नाही.”

हे वाक्य तो उर्मटपणे बोलत नाही. त्याला काम मिळालंय रुमालाची चिठ्ठी वाचून गाव भरायचं, पानं उलटायची आणि पायाने बटण दाबायचं, आणि ते तो सकाळपासून इमानानं करतोय. मघाशी एका पानावर त्याचा अंगठा स्कॅनमध्ये आला, तर त्याने ते पान परत घेतलं. मी पाहिलंय.

मॅडम खुर्ची मागे सरकवतात. “मामा, बुद्रुकचं एकसष्ट?”

मामा वळत नाहीत. रॅकमधूनच आवाज येतो, “खुर्दच्यात बघा. दोन्ही गावं एकाच तलाठ्याकडं होती. रुमाल फाटला तवा मीच एकात बांधलीत.”

“कधी?”

“लई झालं. तुम्ही नव्हता.”

शिडी लागते. मामा वर चढतात, खुर्दचा रुमाल छातीशी धरून उतरतात, टेबलावर ठेवतात. गाठ त्यांना सोडावी लागत नाही, एक टोक ओढलं की ती सुटते. आत चार वह्या. तिसरीच्या पुठ्ठ्यावर, शाई उडालेली, पण स्पष्ट: मौजे अमुक, बु॥.

मामा थुंकी न लावता, तळहाताच्या कडेने पान उचलून उलटतात. कडा वेफरसारख्या मोडतायत. कसरीने काही पानांना नकाशातल्या नद्यांसारख्या वाटा पाडल्यात. आणि मग आमचं पान येतं. चार रकाने: नोंदीचा नंबर, हक्क कसा मिळाला, कोणत्या सर्व्हे नंबरवर परिणाम झाला, आणि शेवटी सर्कलचा शेरा व सही. दुसऱ्या रकान्यात बोरूच्या वळणाचं अक्षर: वर्दीवरून नोंद केली की, दोघे भाऊ विभक्त झाले असून... खाली आजोबांचं नाव आणि त्यापुढे ‘नि. डा. हा. अंगठा’. अंगठा जांभळा आहे. मी वाकून बघतो. रेषा मोजता येतील इतक्या सुट्या, आणि मधोमध एक आडवा चर. विळ्याचा असेल. आजोबांना मी पाहिलेलं नाही, पण हा चर आता पाहिला.

“हेच पान तिकडं काढ रे, खुर्दमध्ये,” मॅडम ऑपरेटरला सांगतात. तो काढतो. आहे. खुर्दच्या यादीत, खुर्दच्या नावाने. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये अंगठ्याचा नुसता डाग झालाय. तिसरा रकाना शिवणीत गेल्यामुळे सर्व्हे नंबराचे शेवटचे आकडे अर्धेच दिसतात. म्हणजे पान हरवलेलं नव्हतंच. ते नदीपलीकडे राहायला गेलं होतं, आणि खुर्दमध्ये आमची जमीन नसल्यामुळे तिथे त्याला कुणी विचारायला जाणार नव्हतं.

मॅडम क्षेत्राच्या आकड्यावर बोट ठेवतात. तेव्हा एकर-गुंठेच होते. ३–५. तीन एकर पाच गुंठे. त्या पुटपुटत हिशेब करतात, “तीन चोक बारा, एकशे वीस, आणि पाच. एकशे पंचवीस गुंठे. गुंठा म्हणजे आरपेक्षा जरा मोठा...” कॅल्क्युलेटरवर १२६ आणि वर काही तरी येतं. “सव्वीसच आहे, काका. तेवीस नाही.”

मला एकदम हलकं वाटतं, आणि त्याच दमात चिडही येते, कारण हा आकडा साठ वर्षं इथेच बसून होता.

नकलेची तयारी चाललेली असताना मी दुसऱ्या भिंतीकडचे गठ्ठे बघतो. त्यांवर खडूने अ, ब, क, ड. अ म्हणजे कायमचं, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, आणि ड वर्षभरात रद्दीत. ही जुनी पद्धत. तिच्यात एक गोष्ट होती: प्रकरण संपलं की कुणाला तरी बसून ठरवावंच लागायचं, हा कागद जगवायचा की मारायचा. ऑपरेटरच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात ‘न्यू फोल्डर ४’ दिसतंय. त्यात काय आहे, असं मी विचारतो. “जुनं आहे, सर. असू दे, जागा भरपूर आहे,” तो म्हणतो.

मॅडमना माझी नजर कळते. “हसू नका काका,” त्या म्हणतात. “२०१२ ला मंत्रालय जळलं तेव्हा मी नवी होते. टीव्हीवर बघत होते आणि मला हीच खोली दिसत होती. इथं एक ठिणगी पडली तर तुमचा अंगठा गेला. त्याचा डाग का असेना, दुसरीकडं राहील.” यावर मला बोलायला काही नाही.

खाली ‘खरी नक्कल’चा शिक्का बसतो, सही होते. मी विचारतो, “मग आता संगणकात खुर्दचं बुद्रुक करून टाकता येईल ना?”

“इथून नाही होत. जिल्ह्याला पत्र लिहावं लागेल. लिहिते.” त्या ड्रॉवरमधून स्वतःची शंभर पानी वही काढतात, पेन्सिलने नोंदवतात: बु. फेरफार १९६०–६३, खु. मध्ये पाहा. त्या पानावर अशा ओळी आधीच बऱ्याच आहेत.

मामांनी वही उचललीय. ते बुद्रुकच्या रॅककडे निघतात. दोन पावलं जातात.

“मामा, तिकडं नको,” मॅडम म्हणतात. “खुर्दच्यातच बांधा.”

“आवो, पण बुद्रुकची हाय न्हवं?”

“हाय. पण कॉम्प्युटरला खुर्द दिसतंय. उद्या कुणी तिथला नंबर घेऊन आलं तर वही तिथंच सापडायला पाहिजे.”

मामा क्षणभर वहीकडे बघतात, मग माझ्याकडे. परत येतात, रुमाल पसरतात, चार वह्या एकावर एक ठेवतात आणि टोकं ओढून गाठ मारतात.