लाउंजबाहेरच्या खुर्चीचं काय?

बँकांच्या कार्डधारकांना विमानतळावरच्या लाउंजमध्ये प्रवेश मिळवून देणाऱ्या ड्रीमफोक्स या मध्यस्थ कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली. त्याच्या बऱ्याच आधीपासून बँका कार्डावरच्या ‘मोफत’ प्रवेशाला तिमाही खर्चाच्या अटी लावत होत्या. सेवा बंद झाल्यापासून सणासुदीला घरी निघालेल्या प्रवाशांत एकच चौकशी चालते : कुठलं कार्ड अजून चालतं? या चर्चेत दोष कधी बँकांच्या माथी मारला जातो, तर कधी कार्ड दाखवून दोन रुपयांत लाउंजमधला बुफे जेवायला येणाऱ्या प्रवाशांच्या. दोन्ही आरोप मूळ कारणापर्यंत पोचत नाहीत. लाउंजच्या दाराशी लागणाऱ्या रांगेचं कारण दाराबाहेर आहे. टर्मिनलमधल्या साध्या प्रतीक्षागृहात निवांत बसायला जागा, चार्जिंगची सोय आणि परवडणारा चहा मिळाला असता, तर तासाभरासाठी एवढी धडपड कोणी केली नसती.

साध्या प्रवाशाची जागा गैरसोयीची का राहते, हे कोडं एका फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्येच सोडवून ठेवलं आहे. ज्यूल द्युपुई हा रस्ते-पुलांचा अभियंता होता आणि पथकर व भाडी कशी ठरतात याचा त्याचा बारकाईने अभ्यास होता. त्या काळी रेल्वेचे तिसऱ्या वर्गाचे डबे उघडे असत. डब्यावर छप्पर घालायला कंपनीला फारसा खर्च आला नसता, तरी ते घातलं जात नव्हतं. द्युपुईने याचं कारण स्पष्ट मांडलं. गरिबाला छळण्यात कंपनीला रस नव्हता. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणारा प्रवासी तिसऱ्या वर्गात उतरू नये, एवढ्यासाठी तिसरा वर्ग मुद्दाम त्रासाचा ठेवला जात होता. वरच्या वर्गाचं तिकीट खपावं म्हणून खालच्या वर्गाने पावसात भिजायचं, असा हा व्यवहार होता. विमानातही अशीच वर्गवारी आली. विमान कंपन्यांनी बिझनेस क्लास आणला तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस. आज तिथे प्रामुख्याने झोप विकली जाते. ब्रिटिश एअरवेजने २००० साली या वर्गात पूर्ण आडवा होणारा पलंग दिला, आणि बाकीच्यांना त्यामागे जावं लागलं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ज्याने जास्त पैसे मोजले त्याला जास्त सुख मिळालं तर बिघडलं कुठे? काहीच नाही. पलंगाला विमानातली कितीतरी जास्त जागा लागते. त्या जागेची किंमत प्रवासी देतो, आणि लांब पल्ल्याची अनेक उड्डाणं पुढच्या रांगांच्या कमाईवरच तगतात. अमेरिकेतल्या मुलाकडून पंधरा-सोळा तासांचा प्रवास करून मुंबईला परतणाऱ्या वृद्ध आईवडिलांसाठी ती चैन नव्हे, गरज आहे. पण टर्मिनलमधली खुर्ची, पाणी आणि प्लग यांचं तसं नाही. ज्या विमानतळांवर विकास शुल्क आकारलं जातं, तिथे ते लाउंजमध्ये बसणारा आणि जमिनीवर बसणारा असे दोघेही तिकिटातून भरतात.

दुसरा आक्षेप असा की, लाउंज आणि दुकानं यांच्या उत्पन्नामुळे विमानतळाची शुल्कं आटोक्यात राहतात. हे अर्धंच खरं आहे. २०१६ च्या नागरी हवाई वाहतूक धोरणाने स्वीकारलेल्या पद्धतीत अशा उत्पन्नाचा फक्त ३० टक्के भाग शुल्कं कमी करण्यासाठी धरला जातो. उरलेल्या हिशोबात विमानतळ चालकाचा फायदा उघड आहे. बँक दर भेटीमागे पैसे देते, त्यातला काही भाग मध्यस्थाला, काही लाउंज चालवणाऱ्याला आणि काही भाड्याच्या रूपाने विमानतळाला जातो. दुकानाच्या चौरस फुटाचं भाडं येतं, रिकाम्या खुर्चीचं येत नाही. कोणी दुष्टपणाने खुर्च्या कमी करत नसेलही, पण नफ्याचा ओढा त्याच दिशेला आहे.

हा ओढा उलटवता येतो, आणि ते एका मराठी माणसाने करून दाखवलं आहे. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, डिसेंबर १९७७ मध्ये, मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गविरहित गाडी म्हणून धावू लागली, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला. दंडवत्यांची भूमिका पहिल्या वर्गाची गादी काढून घेण्याची नव्हती. दुसरा वर्ग वर आणण्याची होती. द्युपुईने निदान केलं, दंडवत्यांनी औषध दिलं. विमानतळावरही त्याची सुरुवात झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला सुरू झालेल्या उडान यात्री कॅफेत चहा आणि पाण्याची बाटली प्रत्येकी दहा रुपयांना मिळू लागली. मात्र असा कॅफे ही सरकारची मेहेरबानी राहता कामा नये. मोठ्या विमानतळांची शुल्कं ठरवणाऱ्या विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाने दरवाढ मंजूर करण्यापूर्वी गेटजवळच्या खुर्च्या, चार्जिंगचे प्लग, पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वस्त खाण्याची ठिकाणं मोजावीत आणि ते आकडे जाहीर करावेत. लाउंज खुशाल चालू द्या, पण तो निवडीचा भाग असू दे. बाहेरच्या गैरसोयीतून सुटण्याचा एकमेव रस्ता नको.