उभे दगड, खालची भीमा

भीमाकाठचा माणूस : लेखांक 9

गेल्या आठवड्यात आपण हत्तरसंग-कुडलला होतो. भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथल्या संगमेश्वराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आपण पाहिला. आज ज्या दगडांकडे जायचं आहे त्यांच्यावर, एक दगड सोडला तर, एकही अक्षर नाही, चित्र नाही, छिन्नीचा साधा घावही नाही. त्यासाठी भीमेच्या पाण्याबरोबर सोलापूरची हद्द ओलांडून खाली उतरावं लागेल आणि काळात कुडलच्या लेखाच्याही फार मागे जावं लागेल.

आधी घरचं बघू. शेतात उभा दगड ही सोलापूरकराला नवलाची गोष्ट नाही. बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा असतो, विहिरीपाशी सात आसरा असतात, वेशीजवळ मारुतीच्या बाजूला वीरगळ टेकवून ठेवलेले असतात. वीरगळ ओळखायला सोपा. घडीव शिळा, तिच्यावर कप्पे, आणि ते खालून वर वाचायचे. तळाशी मेलेला वीर, कधी त्याच्या शेजारी गायीगुरं, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. सतीशिळेवर कोपरात वळलेला, बांगड्यांनी भरलेला हात असतो. याशिवाय भूमापनाचे हद्दीचे दगड आहेत. शेजारच्या इंदापूर तालुक्यात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली आणि तिच्याबरोबर हे दगडही गावोगाव रोवले गेले.

हे सगळे ऐतिहासिक काळातले. त्यातला कोणताही दगड एकटा पाहिला तरी तो स्वतःबद्दल काहीतरी सांगतो. प्रागैतिहासिक उभ्या दगडाचं तसं नसतं. तो एकटा पाहिला तर कोणत्याही माळावरचा धोंडा वाटेल. त्याचा अर्थ त्याच्या जागेत असतो: शेजारचा दगड किती अंतरावर आहे, तिसरा त्याच ओळीत येतो का, ओळ कोणत्या दिशेला जाते. म्हणून असा दगड जागेवरून हलला की तो पुन्हा कुठेही उभा केला तरी उपयोग नसतो. ही गोष्ट मनाशी ठेवूनच पुढचं वाचावं, कारण या लेखाचं सगळं म्हणणं तिच्यावरच टेकलेलं आहे.

भीमेच्या वरच्या अंगाला, म्हणजे पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट या पट्ट्यात दगड काळा बसाल्टचा. तो भेगाळतो, कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो आणि त्याचा मुरूम होतो. लांब, उंच, एकसंध शिळा त्यातून सहजी निघत नाही. नदी कलबुर्गीच्या बाजूला गेली की खडक बदलतो. आधी चुनखडीचा पट्टा लागतो. आपल्या घराघरांत बसलेली शहाबादी फरशी इथलीच. त्याच्याही दक्षिणेला, शहापूर-सुरपूर-रायचूरच्या बाजूला ग्रॅनाइट आहे. मोठाले गोटे आणि आपसूक सुटलेल्या उभ्या शिळा तिथे डोंगरावर तयारच पडलेल्या असतात. ज्यांना दगड उभे करायचे होते त्यांना हवा तसा माल तिथे हाताशी होता.

या दगडांची पहिली नीट नोंद ज्याने केली तो माणूस पुढे सोलापूरच्या शेजारी येऊन राहिला. फिलिप मेडोज टेलर. 1808 साली लिव्हरपूलला जन्मलेला, कोवळ्या वयात मुंबईला आलेला आणि निजामाच्या चाकरीत शिरलेला. त्याच्या ठगांवरच्या कादंबरीमुळे (1839) त्याचं नाव अजून घेतलं जातं. 1841 पासून तो सुरपूर संस्थानाच्या कारभारावर होता. 1853 मध्ये निजामाने काही जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात दिल्यावर त्याची नेमणूक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा तो किल्ला आणि त्यातला पाणीमहाल सोलापूरकरांना पाठ आहे. बोरीही पुढे भीमेलाच मिळते.

सुरपूरच्या वर्षांत टेलरने आपल्या मुलखातले दगड हिंडून पाहिले, मोजले, त्यांची चित्रं काढली आणि 1850 च्या आसपास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात ती छापली. राजनकोल्लूरला मोठ्या फरशा उभ्या करून वर एक फरशी टाकलेली दगडी घरं त्याने पाहिली. गावकरी त्यांना मोऱ्यांची घरं म्हणत आणि तिथे ठेंगू माणसं राहत होती असं सांगत. भीमेकाठच्या जेवर्गीला त्याने दगडांच्या वर्तुळातली दफनं खणली. आत माणसांचे सांगाडे निघाले, काहींची डोकी धडापासून वेगळी होती.

टेलरचं मोठेपण त्याच्या खणण्याच्या पद्धतीत आहे. त्या काळात ‘खणणं’ म्हणजे वस्तू काढून घेणं. याने खड्ड्याचा उभा छेद घेतला आणि कागदावर उतरवला: वर कोणते दगड, त्याखाली कोणती माती, हाड कोणत्या थरात, मडकं कोणत्या थरात. जवळजवळ शंभर वर्षांनी भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख राहिलेले मॉर्टिमर व्हीलर यांनी आपल्या उत्खननशास्त्रावरच्या पुस्तकात या रेखाटनांचं कौतुक केलं, आणि व्हीलर उगाच कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. टेलरचा सिद्धांत मात्र टिकला नाही. आयर्लंड-इंग्लंडमध्ये असेच दगड आहेत, तेव्हा तिथलेच किंवा मध्य आशियातले शक लोक इकडे आले असावेत असं त्याला वाटलं. सारखा दगड म्हणजे सारखे लोक हे गणित आज कोणी मांडत नाही. सिद्धांत पडला तरी मोजमापं आणि छेद आजही कामाला येतात. नोंद नीट असेल तर ती नोंदणाऱ्याच्या मतापेक्षा जास्त जगते.

शहापूरजवळच्या विभूतीहळ्ळीचे दगड टेलरने पाहिले तेव्हाही कोड्यात टाकणारे होते आणि आजही आहेत. इथे दफन नाही. न घडवलेले मोठाले गोटे उभ्या-आडव्या रांगांत ठेवलेले आहेत, रांगांतून चौकोनी जाळी तयार होते. सुरपूरच्या परिसरातल्याच हनमसागरला अशी जाळी आणखी मोठी आहे. तिथे अडीच हजारांच्या आसपास दगड मोजले गेले आहेत. 1956 मध्ये रेमंड ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञाने जुन्या हैदराबाद संस्थानाच्या दक्षिण भागातल्या अशा शिळारांगांवर लेख लिहिला, तेव्हा हा एखाददुसऱ्या गावाचा प्रकार नसून सगळ्या पट्ट्याची रीत होती हे स्पष्ट झालं. अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रांगांच्या दिशा मोजून त्यांचा सूर्याच्या उगवण्या-मावळण्याशी काही मेळ बसतो का, हे तपासायला घेतलं.

या रांगांचं वय काढणं अवघड असतं. दगड किती जुना हे भूगर्भशास्त्र सांगेल, पण तो कधी उभा केला हे दगड सांगत नाही. दफनात कोळसा, हाड, खापर असं काहीतरी मिळतं. रांगेच्या दगडाखाली बहुधा माती आणि पाचरीचे लहान दगड यांपलीकडे काही नसतं. मग आजूबाजूच्या वस्तीवरून काळाचा अंदाज बांधायचा.

आता आणखी खाली, जिथे भीमा संपते तिथे. पंढरीची चंद्रभागा भीमाशंकरपासून सुमारे 860 किलोमीटर वाहून रायचूरच्या उत्तरेला कृष्णेत शिरते. तिथून जवळच, तेलंगणाच्या नारायणपेठ जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी मुदुमाल नावाचं शेतकरी गाव आहे. सोलापूरहून वाडीमार्गे रायचूरला जाणारी गाडी कृष्णा स्थानकावरून जाते, मुदुमाल त्याच भागात आहे. गावाच्या रानात दहा ते चौदा फूट उंचीच्या सुमारे ऐंशी शिळा उभ्या आहेत, आणि त्यांच्या भोवताली लहान दगडांच्या रांगा, ते दगड तीन हजारांच्या घरात. काळ सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा मानतात. हैदराबाद विद्यापीठाचे के. पी. राव यांनी या जागेवर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या निरीक्षणानुसार उंच शिळांच्या काही ओळी दिवस सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान असतो त्या वेळच्या सूर्याशी जुळतात.

मुदुमालच्या एका दगडाकडे मात्र थांबून बघायला हवं. त्याच्या पृष्ठभागावर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. नुसते पाहिले तर विस्कटलेले वाटतात. पण त्यातले काही जोडत गेलं की सप्तर्षींचा आकार उभा राहतो: चार खळग्यांचा चौकोन आणि मागे वाकडी शेपूट. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ वाढवली की ध्रुवाची दिशा मिळते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही शिकवतात. राव यांचं वाचन बरोबर असेल, आणि मला ते पटतं, तर आकाश दगडावर उतरवून ठेवायचा हा आपल्या मुलखातला फार जुना प्रयत्न आहे.

मार्च 2025 मध्ये मुदुमालचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्समधल्या कार्नाकच्या शिळारांगांना प्रत्यक्ष जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कार्नाकलाही दगड तीन हजारांच्या आसपास आहेत आणि तेही शेतीच्या मुलखातच उभे आहेत. मुदुमालच्या गावकऱ्यांना या याद्यांची वाट बघावी लागली नाही. शापाने दगड झालेली ही माणसंच आहेत अशी तिथे कथा आहे, आणि एका शिळेला यल्लम्मा म्हणून पुजतात. या श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझा वाद आहे. पुजलेल्या दगडाला पहार लावायला माणूस कचरतो. पुरातत्त्व खात्याचा फलक लागण्याच्या कितीतरी आधीपासून हे दगड त्या धाकाने आणि मायेने राखले गेले.

उभे करणारे कोण होते? गुरं राखणारे आणि थोडी शेती करणारे लोक. सुरपूर तालुक्यात बुदिहाळला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी केलेल्या उत्खननात त्यांच्या आधीच्या पिढ्यांचे गोठे आणि जाळलेल्या शेणाच्या राखेचे थर मिळाले. दक्षिणेतल्या या पहिल्या शेतकऱ्यांचं पीक म्हणजे कुळीथ, मूग आणि बारीक तृणधान्यं. आपण जिला कायमची आपली समजतो ती ज्वारी आफ्रिकेतून नंतर आली. बारा-चौदा फुटांची शिळा उभी करायला दोर, लाकडी ओंडके आणि माणसांचं बळ लागतं. एका बाजूने उतरता खड्डा काढायचा, शिळेचं बूड त्यात सरकवायचं, ओढून ताठ करायची आणि बुडाशी दगड ठोकायचे. खळ्यावर तिवडा रोवताना करतात तसंच, फक्त वजन टनांत. म्हणजे हंगाम संपल्यावर पुष्कळ माणसं एकत्र येत होती आणि त्यांच्या पोटापुरतं धान्य शिल्लक राहत होतं.

महाराष्ट्रात या काळाच्या जवळपासचं मोठं काम विदर्भात आहे. नागपूरजवळ जुनापाणीला शेकडो शिळावर्तुळं आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि नायकुंड इथे उत्खननं झाली, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला माडिया लोक तर आजही मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात, त्याला ते उरसकल म्हणतात.

आणि सोलापूर? 2025 च्या अखेरीस बोरामणीच्या माळावर दगडांनी आखलेला पंधरा फेऱ्यांचा वर्तुळाकार चक्रव्यूह अभ्यासकांपुढे आला. पसारा सुमारे पन्नास फुटांचा. वन्यजीवांची पाहणी करणाऱ्या सोलापूरच्या निसर्गप्रेमींच्या नजरेला तो पडला. अभ्यासक त्याचा संबंध दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराशी जोडतात, म्हणजे तो मुदुमालच्या काळातला नव्हे. पण तो का राहिला, हे पाहण्यासारखं आहे. बोरामणीचा तो गवताळ माळ नांगराखाली गेला नाही, म्हणून राहिला. नांगराच्या रानात लहान दगडांच्या रांगा टिकत नाहीत. बैलाच्या नांगराला मोठा दगड आडवा आला तर शेतकरी वळसा घालायचा. जेसीबीला वळसा घालायची गरज पडत नाही. दगड ताल घालायला जातात, खडी होते, आणि गुप्तधनाच्या नादाने रात्रीत बूड उकरलं जातं. अशा दगडांच्या बुडाशी सोनं ठेवायची रीत नव्हती. दफनांत निघालं ते मुख्यतः मडकी, लोखंड, मणी आणि हाडं.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. तुमच्या रानात, गायरानात, गावाच्या माळावर न घडवलेले दगड ओळीत किंवा गोलात दिसले तर ते हलवू नका आणि बूड उकरू नका. शेजारी हातभर काठी ठेवून फोटो काढा, त्यात उत्तर दिशा कोणती ते लिहा, गट नंबर टिपा, आणि गावातली म्हातारी माणसं त्या दगडाला काय म्हणतात तेही लिहून घ्या. मग तलाठ्याला, राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा सोलापूर विद्यापीठाला कळवा. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. टेलरपाशी मोजपट्टी, कागद आणि घोडा होता. तुमच्या खिशात त्याहून चांगली साधनं आहेत.

पुढच्या आठवड्यात : बुदिहाळचे राखेचे ढिगारे.