व्हाउचर कुठे आहे?

बँकेत ऑडिटर आले की पहिला प्रश्न ठरलेला असे, 'व्हाउचर दाखवा.' लेजरमध्ये नुसती नोंद. तिचा पुरावा असलेला कागद रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यात. गठ्ठा हलला की नोंद पोरकी. हाच धडा पुढे संगणकाने मला पुन्हा गिरवायला लावला.

२००४ साली अण्णांच्या पंचाहत्तरीला भाच्याने 'फ्लॅश'मध्ये एक अल्बम तयार करून सीडीवर दिला. फोटोवर क्लिक केले की त्यामागची हकिगत अण्णांच्या आवाजात ऐकू येई. अण्णा गेल्यावर मी नवा संगणक घेतला आणि अल्बमची मुख्य फाइल त्यावर उतरवून घेतली. फोटो दिसले, अण्णा मात्र बोलेनात.

भाचा म्हणाला, "मामा, फोटो फाइलच्या पोटात आहेत, आवाज बाहेरच्या फोल्डरमध्ये. क्लिक केलं की प्रोग्राम तिथं जाऊन एमपीथ्री उचलतो. तुम्ही फोल्डर आणलंच नाही!"

असे का केलेस, विचारले तर त्याचे उत्तर व्यवहारी होते. सगळे पोटात भरले की फाइल फुगते, उघडायला वेळ लावते. बाहेर ठेवले तर हवे तेवढेच, हवे तेव्हा मेमरीत येते. एखादी हकिगत पुन्हा ध्वनिमुद्रित केली तर तेवढी एक फाइल बदलायची, अल्बम नव्याने बांधायला नको. २००२ च्या 'फ्लॅश एमएक्स'पासून ही सोय झाली होती. अट एकच : फाइलचे नाव आणि पत्ता अचूक जुळायला हवा. तो चुकला आणि त्यासाठी वेगळी सूचना लिहिलेली नसली, तर प्रोग्राम तक्रारही करत नाही. नुसता गप्प बसतो.

त्या दिवशी मी भाच्यावर चिडलो होतो. पण ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालेनासे झाले. पोटातले फोटो आतच अडकले. बाहेर ठेवलेले आवाज मात्र साध्या एमपीथ्री फाइली. ते माझ्या मोबाइलवरही वाजले! पुढे 'रफल' नावाच्या मोफत साधनाने फोटोही उघडले.

परवा मुख्य फाइल आणि आवाजाचे फोल्डर, दोन्ही एकत्र तीन ठिकाणी उतरवून ठेवली. मुलीला बोलावून दाखवले. तिने एका फोटोवर क्लिक केले. अण्णा खाकरले आणि बोलू लागले.

व्हाउचर जागेवर होते.