विमानातली खुर्ची, घाटाखालची खोली आणि पोफळी

प्रवास म्हटला की पूर्वी हाल गृहीत धरले जात. वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि स्थानकावरची जाग्रणे यांच्याशिवाय प्रवास पुरा होत नसे. गेल्या दोन-तीन दशकांत हे चित्र पालटले. मराठी मध्यमवर्ग विमानात बसू लागला, सुट्टीत नातेवाइकांच्या घराऐवजी रिसॉर्टची खोली घेऊ लागला आणि परतल्यावर देवदर्शनापेक्षा गादी किती मऊ होती, न्याहारीला काय होते, याचीच चर्चा अधिक होऊ लागली. प्रवासातले सुख ही आता विकत घेण्याची वस्तू झाली आहे. मात्र ही वस्तू नेमकी कशाची बनलेली असते, तिची किंमत कोण देतो आणि ती कोठे अपुरी पडते, याचा विचार फारसा होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी या कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या गावापर्यंतचा प्रवास नजरेसमोर ठेवला, तर या प्रश्नांची बरीच उत्तरे मिळतात.

खुर्चीचे गणित

भारतातील विमानसेवेचा आरंभ 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईच्या जुहू येथे टपाल घेऊन केलेल्या उड्डाणाने झाला. 1946 मध्ये एअर इंडियाचा ‘महाराजा’ अवतरला. झुकून स्वागत करणारी ती आकृती म्हणजे त्या काळच्या विमानप्रवासाची व्याख्याच होती : प्रवासी हा पाहुणा आणि कंपनी ही यजमान. तिकीट थोड्यांनाच परवडे. पण ज्याला परवडे त्याला जेवण, सामान आणि ऐसपैस जागा वेगळी मागावी लागत नसे.

2003 मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचा मार्ग दाखवला आणि 2006 मध्ये आलेल्या इंडिगोने तो रुळवला. या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. तिकीट म्हणजे केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्याचा हक्क. बाकी सारे सुटे विकायचे. खिडकीची जागा, पाय पसरण्यापुरती पुढची रांग, उपमा किंवा सँडविच, पंधरा किलोंच्या वरचे सामान, प्रत्येकाचा दर निराळा. ज्याला प्रवासी ‘गैरसोय’ म्हणतो, ती बहुतेक वेळा कंपनीच्या लेखी न विकली गेलेली सोय असते. याउलट जुन्या थाटाची सेवा देणाऱ्या किंगफिशरची उड्डाणे 2012 मध्ये आणि जेट एअरवेजची एप्रिल 2019 मध्ये थांबली. त्यांच्या अपयशाला कर्ज, इंधनाचे दर आणि व्यवस्थापन अशी अनेक कारणे होती. तरीही एवढे खरे, की चांगल्या जेवणाची तारीफ करणारा प्रवासी तिकीट काढताना मात्र बहुधा सर्वांत स्वस्त दरच शोधतो.

खुर्चीची सोय मोजण्याचे एक माप आहे. एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचे अंतर स्वस्त सेवेत साधारण 28 ते 30 इंच असते. दोन इंचांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. परंतु उंच माणसाच्या गुडघ्यांना तो दोन तास जाणवत राहतो. कंपनीच्या दृष्टीने मात्र प्रत्येक रांगेतून वाचवलेला इंच म्हणजे विमानाच्या शेवटी आणखी एक रांग, आणि ती रांग म्हणजे सहा तिकिटे.

कळसूबाईहून उंच

विमानात येणारा शीण केवळ अरुंद खुर्चीचा नसतो. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असताना आतील हवेचा दाब जमिनीइतका ठेवला, तर विमानाच्या सांगाड्यावर फार ताण येईल. म्हणून आतला दाब सुमारे 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तितका राखला जातो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे. म्हणजेच दुबईहून मुंबईला येणारा कोकणी माणूस तीन तास कळसूबाईहून उंच ठिकाणी बसलेला असतो, आणि तेही न चालता. कमी दाबामुळे पोटात वायू फुगतो, उतरताना कानांना दडे बसतात.

दुसरी अडचण कोरडेपणाची. विमानातील हवेत आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांहून कमी असते. नाक, घसा आणि डोळे सुकतात. कोरडी हवा आणि इंजिनांचा अखंड आवाज यांमुळे मीठ व साखर यांची चव बोथट होते. त्यामुळे विमानातले जेवण सपक लागते, त्यात दोष नेहमीच आचाऱ्याचा नसतो. यावर उपाय साधे आहेत : पाणी थोडेथोडे पीत राहावे, चहा-कॉफी व मद्य बेताने घ्यावे, शक्य असेल तेव्हा उठून चार पावले टाकावीत. ज्यांना धक्क्यांची भीती वाटते त्यांनी पंखांजवळची जागा घ्यावी. विमानाच्या तोलाचा मध्य तेथे असल्याने हेलकावे कमी जाणवतात.

उरलेले अंतर

पोफळीला जाणाऱ्याचा विमानप्रवास बहुधा मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा डिसेंबर 2025 मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळावर संपतो. तेथून पुढचा रस्ता हाच खरा प्रवास. मुंबईहून चिपळूण सुमारे अडीचशे किलोमीटर. आकाशात एवढे अंतर अर्ध्या तासात मागे पडते. मुंबई–गोवा महामार्गावर त्यासाठी निम्मा दिवस जाऊ शकतो. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम दशकाहून अधिक काळ रेंगाळले, हे कोकणवासीयांना सांगायला नको. पुण्याकडून येणारा कराड, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरतो. वळणे संपून गाडी सपाटीला लागते, तेथेच पोफळी.

सुखाचा विचार करणारा प्रवासी विमानातल्या दोन तासांवर जेवढे पैसे व लक्ष खर्च करतो, त्याच्या दहावा हिस्साही या रस्त्यावर करीत नाही. रात्री उशिरा उतरणारे विमान, लगेच भाड्याची गाडी आणि पहाटेचा घाट, ही जोडणी स्वस्त पडते. पण झोप न झालेल्या चालकाच्या हाती सारे कुटुंब सोपवणारी ती जोडणी आहे. पावसाळ्यात तर धुके आणि दरडी यांचीही भर पडते. ज्यांना जमेल त्यांनी कोकण रेल्वेने चिपळूण गाठावे. 1998 मध्ये पूर्ण मार्ग खुला झाल्यापासून या भागातील प्रवासाच्या सुखात सर्वांत मोठी भर या रेल्वेनेच घातली आहे.

पाटीवरचा शब्द

हॉटेलांना तारांकित दर्जा देण्याचे काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते. ही योजना ऐच्छिक आहे आणि दिलेला दर्जा पाच वर्षांपुरता असतो. त्यामुळे तारा नसणे म्हणजे हॉटेल वाईट असणे नव्हे, आणि पाटीवर ‘रिसॉर्ट’ हा शब्द असणे म्हणजे दर्जाची हमीही नव्हे. कोकणात या एकाच शब्दाखाली नदीकाठचे आलिशान संकुल येते, 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे गणपतीपुळ्यासारखे निवासस्थान येते आणि आंब्याच्या बागेत पत्र्याखाली बांधलेल्या चार खोल्याही येतात. महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेतील घरे आणि कृषी पर्यटन केंद्रे ही त्याहून वेगळी. तेथे थाट कमी, पण घरच्या माणसांचा सहवास अधिक.

कोकणातील खोली निवडताना छायाचित्रांपेक्षा काही रोखठोक प्रश्न उपयोगी पडतात. पावसाळ्यात भिंतींना ओल येते का? वीज गेल्यावर पर्यायी व्यवस्था कोणती आणि ती पंख्यापुरती की वातानुकूलनासाठीही? पाणी विहिरीचे, नळाचे की टँकरचे? चालकाला झोपायला जागा व जेवण मिळते का? शेवटचा प्रश्न फारच थोडे पाहुणे विचारतात. वास्तविक परतीच्या घाटातली सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते. नदीकाठच्या खोलीचे आकर्षण मोठे. पण 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर कसे बुडवले, हे ध्यानात ठेवून पूररेषेची चौकशी करणे शहाणपणाचे. हा सारा परिसर भूकंपप्रवणही आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली होती. डोंगरउतार तासून उभारलेल्या इमारतीतून दिसणारा देखावा कितीही सुंदर असो, तिचा पाया कशावर आहे हे विचारण्याचा अधिकार पाहुण्याला आहे.

उजेडाचे माहेर

पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. त्या झाडाचे नाव मिरवणारे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते विजेमुळे. सह्याद्रीच्या पलीकडे शिवसागर जलाशयात अडवलेले कोयनेचे पाणी बोगद्यांतून डोंगर पार करून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात येते. 1962 पासून येथे वीज निर्माण होते. पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता 600 मेगावॉट आहे. सर्व टप्पे मिळून कोयना प्रकल्प 1,960 मेगावॉटचा आहे. येथून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडी धरणात साठवून पुन्हा वीजनिर्मितीसाठी वापरले जाते आणि अखेर वाशिष्ठीला मिळते.

जलविद्युत संचाचे वैशिष्ट्य असे, की तो काही मिनिटांत सुरू करता येतो. त्यामुळे सायंकाळी दिवे, लिफ्ट आणि वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू होऊन मागणी चढते, तेव्हा कोयनेची मदत घेतली जाते. मुंबईच्या विमानतळावरील झगमगाटात आणि पंचतारांकित हॉटेलांच्या गारव्यात पोफळीचा वाटा असा अदृश्यपणे मिसळलेला आहे. राज्याच्या वीजजाळ्यात कोठली वीज कोठे गेली हे वेगळे काढता येत नाही; पण सुखाचा हिशेब मांडताना तिचे माहेर विसरता येत नाही.

या उजेडाची किंमत मोजली ती जलाशयाखाली गेलेल्या गावांनी. कोयनेच्या खोऱ्यातील विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांनाही पुरले, त्यासाठी आंदोलने झाली. ज्यांच्या जमिनींवर पाणी साठले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या नव्या वस्त्यांत मूलभूत सोयींसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. आज त्याच जलाशयाचा काठ पर्यटनासाठी खुणावतो आहे. 2012 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत कोयना अभयारण्याचा समावेश आहे. नव्या रिसॉर्टांचा मोह होणे स्वाभाविक असले, तरी त्या काठावर कोणाला रोजगार मिळणार आणि कोणाची वाट अडणार, हा प्रश्न पूर्वीचा अनुभव पाहता टाळता येणार नाही.

हक्क आणि हिशेब

सुख विकत घेतले आहे, तर त्याचे नियमही माहीत हवेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, वैध तिकीट असूनही जागा नसल्याचे सांगून प्रवाशाला नाकारले आणि तासाभरात निघणाऱ्या दुसऱ्या विमानाची सोय केली नाही, तर भरपाई द्यावी लागते. पर्यायी विमान 24 तासांच्या आत असल्यास तिची मर्यादा 10,000 रुपये आणि त्यानंतरचे असल्यास 20,000 रुपये आहे. वादळ, धुके यांसारख्या कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांसाठी रद्द झालेल्या उड्डाणाची रोख भरपाई मात्र मिळत नाही. कोकणात पावसाळी सुट्टी आखणाऱ्याने हा अपवाद विसरू नये. हॉटेलच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या भाड्यास 5 टक्के, तर त्याहून अधिक भाड्यास 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्यामुळे 7,400 आणि 7,600 रुपयांच्या खोल्यांत प्रत्यक्ष फरक 200 रुपयांचा नसून सुमारे 1,200 रुपयांचा आहे. खाण्याच्या बिलातील ‘सेवा शुल्क’ सक्तीचे नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये स्पष्ट केले आहे.

हक्कांबरोबर जबाबदारीही येते. ज्या भागात मुसळधार पाऊस पडूनही उन्हाळ्यात वाड्यांवर पाणीटंचाई होते, तेथे तरणतलाव आणि रोज बदलल्या जाणाऱ्या चादरी यांचा अर्थ शहरातल्यापेक्षा वेगळा होतो. एकाच टॉवेलवर दोन दिवस काढल्याने सुट्टीचा आनंद कमी होत नाही. बफेमध्ये सर्वत्र मिळणारे पनीर न शोधता आंबोळी, कुळथाचे पिठले किंवा सोलकढी मागितली, तर पैसा गावातल्या शेतापर्यंत आणि चुलीपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

विमान कंपनी खुर्चीतले इंच विकते आणि हॉटेल खोलीतला गारवा विकते. दोहोंचा दर छापलेला असतो. पोफळीत डोंगराच्या पोटात फिरणाऱ्या जनित्रांचा आवाज मात्र वर ऐकू येत नाही आणि त्यासाठी गाव सोडून गेलेल्यांचे नाव कोणत्याही बिलावर नसते. घाट उतरून मुक्कामाला पोहोचलेल्या प्रवाशाने खोलीतला दिवा लावताना एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी आपल्याला मिळालेल्या सुखाची खरी किंमत त्याला समजेल, आणि निघताना विनाकारण चालू राहिलेला दिवा तो आपणहून बंद करील.